विश्लेषण : साताऱ्याच्या सुखात्मेंनी जगाच्या भुकेचा हिशेब कसा मांडला? डेटा वेअरहाऊस, डेटा अ‍ॅनालिटिक्सचे मूळ धडे कोणते?

बँक असो, साखर कारखाना असो किंवा ऑनलाइन दुकान, आज प्रत्येकाला डेटा वेअरहाऊस आणि डेटा अ‍ॅनालिटिक्स हवे आहे. जागोजागची माहिती एका ठिकाणी आणायची, ती एका मापात बसवायची आणि तिच्यावरून निर्णय घ्यायचा, असा हा मामला. वेअरहाऊस हा शब्द संगणक क्षेत्रात १९८०च्या दशकाच्या अखेरीस रूढ झाला. त्याच्या कितीतरी आधी सातारा जिल्ह्यातील बुध गावात जन्मलेल्या एका संख्याशास्त्रज्ञाने हेच काम आधी देशाच्या पिकांसाठी आणि नंतर जगाच्या अन्नासाठी केले. त्यांचे नाव डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. साठवण आणि विश्लेषण या गोष्टी नंतरच्या; शेतातली पहिली नोंद चुकली तर पुढे कितीही मोठे यंत्र लावून उपयोग होत नाही, हा त्यांच्या कामाचा गाभा होता. सातारा-सांगलीच्या शेतकऱ्याला मिळणाऱ्या पीक विम्याच्या भरपाईशी त्याचा आजही थेट संबंध आहे.

सुखात्मे कोण होते?

सुखात्मे यांचा जन्म २७ जुलै १९११ रोजी आजच्या खटाव तालुक्यातील बुध येथे झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून १९३२ मध्ये गणित विषयात पदवी घेऊन ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये दाखल झाले. आधुनिक संख्याशास्त्राची पायाभरणी त्या काळात तिथे सुरू होती. रोनाल्ड फिशर, इगॉन पिअर्सन आणि येर्झी नेमन ही या शास्त्रातली दिग्गज मंडळी तिथे होती. सुखात्मेंनी १९३६ मध्ये पीएच.डी. आणि १९३९ मध्ये डी.एस्सी. मिळवली. सुरुवातीचे त्यांचे काम शुद्ध गणिती स्वरूपाचे होते.

मायदेशी परतल्यावर नोकरीच्या निमित्ताने ते बनारस हिंदू विद्यापीठाचे संस्थापक पंडित मदनमोहन मालवीय यांना भेटले. या विद्येचा देशातल्या गरिबाला काय उपयोग, असे मालवीयांनी विचारले आणि त्यावर सुखात्मेंना समाधानकारक उत्तर देता आले नाही, असे सांगितले जाते. काही काळ त्यांनी कलकत्त्यात सार्वजनिक आरोग्य क्षेत्रातील संस्थेत काम केले. १९४० मध्ये ते दिल्लीला कृषी संशोधन परिषदेत रुजू झाले. आज ही संस्था भारतीय कृषी संशोधन परिषद म्हणून ओळखली जाते. पुढची ११ वर्षे त्यांनी देशाच्या शेतीच्या आकडेवारीला वाहिली.

त्यांच्या आधी पिकाचा अंदाज कसा बांधत?

तेव्हा पिकाच्या अंदाजाचा आधार होता आणेवारी. गावकामगार आणि महसूल अधिकारी उभे पीक पाहून यंदा ते रुपयात किती आणे आहे, हे ठरवत. पेरणीचे क्षेत्र, त्या पिकाचे नेहमीचे एकरी उत्पादन आणि ही आणेवारी यांचा गुणाकार केला की जिल्ह्याचे उत्पादन निघे.

यातला पहिला आकडा, म्हणजे क्षेत्र, बऱ्यापैकी भरवशाचा असे. रयतवारी भागांत गावोगाव पीकपाण्याच्या नोंदी होत्या. तिसरा आकडा मात्र नजरेचा होता. आणेवारीवर शेतसाऱ्याची सूट अवलंबून असल्याने आणे चढे लावले तर रयत नाराज आणि उतरते लावले तर सरकारचा महसूल बुडणार. शिवाय एकाचे दहा आणे ते दुसऱ्याचे आठ. ज्याच्या हाती आकडा ठरवायचे काम, त्याच्यावरच आकड्याच्या परिणामाचा दबाव, ही अडचण आजच्या कंपन्यांमध्येही आहे. विक्रीचे उद्दिष्ट गाठले की नाही, हे विक्री विभागानेच नोंदवायचे असेल तर काय होते, हे वेगळे सांगायला नको.

दुसरे महायुद्ध, धान्याची टंचाई आणि १९४३चा बंगालचा दुष्काळ यांमुळे हा प्रश्न जीवनमरणाचा झाला. शिधावाटप करायचे, एका प्रांतातले धान्य दुसऱ्या प्रांतात न्यायचे, तर मुळात धान्य आहे किती, हे ठाऊक हवे.

सुखात्मेंनी काय बदलले?

त्यांनी नजरेच्या जागी तराजू आणला. ठरावीक मापाचा तुकडा आखायचा, त्यातले पीक प्रत्यक्ष कापायचे, मळायचे आणि वजन करायचे. यालाच पीक कापणी प्रयोग म्हणतात. सगळी शेते कापणे शक्य नसल्याने मोजकीच निवडायची. मात्र ती माणसाच्या मर्जीने निवडायची नाहीत.

ही निवड टप्प्याटप्प्याने होते. तालुक्यातली काही गावे यादृच्छिक आकड्यांच्या तक्त्यावरून, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखी, निवडली जातात. त्या गावातली ते पीक असलेली शेते तशीच निवडतात. शेतात गेल्यावर तुकडा कोणत्या कोपऱ्यापासून किती अंतरावर आखायचा, हेही तक्ताच सांगतो. रस्त्याकडेचे सोयीचे शेत किंवा ओळखीच्याचे चांगले पीक निवडायला वावच उरत नाही. अशा निवडीत प्रत्येक शेताला आपला नंबर लागण्याची ठरलेली संधी असते. त्यामुळे थोड्या तुकड्यांवरून सबंध जिल्ह्याचा अंदाज तर निघतोच; शिवाय तो किती इकडेतिकडे होऊ शकतो, हेही गणिताने सांगता येते.

हे काम करायचे कोणी? सुखात्मेंचे म्हणणे होते की महसूल आणि शेती खात्याच्या गावपातळीवरील कर्मचाऱ्यांनाच शिकवून तयार करावे. पद्धत सोपी आणि काटेकोर असेल, तर ती वर्षानुवर्षे चालेल. परिषदेच्या याच संख्याशास्त्र शाखेतून पुढे दिल्लीची भारतीय कृषी सांख्यिकी अनुसंधान संस्था उभी राहिली. १९५४ मध्ये त्यांचा नमुना पाहणीवरचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि तो जगभर पाठ्यपुस्तक म्हणून वापरला गेला.

महालनोबिस यांच्याशी वाद कशावरून झाला?

प्रशांतचंद्र महालनोबिस हे भारतीय संख्याशास्त्रातले सर्वात मोठे नाव. बंगाल-बिहारमध्ये तेही पीक कापणीच्या पाहण्या करत होते. त्यांचा भर अगदी लहान तुकड्यांवर आणि खास शिकवलेल्या स्वतंत्र पथकांवर होता. तुकडा लहान असला की खर्च कमी आणि त्याच पैशात जास्त ठिकाणे पाहता येतात, हा त्यामागचा विचार गणिताच्या दृष्टीने बरोबर होता.

सुखात्मेंनी निरनिराळ्या मापांचे तुकडे एकाच शेतात कापून तुलना केली. लहान तुकड्यांवरून काढलेले उत्पादन सातत्याने जास्त येत होते. १९४६ मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात त्यांनी हा निष्कर्ष मांडला. कारण साधे होते. तुकड्याच्या सीमेवर उभे असलेले ताट आत धरायचे की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणारा हात ते आत घेतो.

एक हिशेब करून पाहू. चारही बाजूंनी पाच सेंटीमीटरपर्यंतची ताटे चुकून आत आली, असे समजा. एक मीटर लांबी-रुंदीचा तुकडा मग १.१ मीटर गुणिले १.१ मीटर, म्हणजे १.२१ चौरस मीटर होतो. उत्पादन २१ टक्के फुगते. तीच चूक १० मीटर गुणिले ५ मीटरच्या तुकड्यात झाली, तर ५० चौरस मीटरचे सुमारे ५१.५ होतात. फुगवटा तीनच टक्क्यांचा राहतो.

खरी गोम पुढे आहे. लहान तुकड्यांची संख्या शंभरावरून दहा हजारांवर नेली, तरी २१ टक्क्यांची चूक तशीच राहते. नोंदी वाढल्या की योगायोगाने होणारी कमीजास्त चूक घटते. एकाच दिशेने झुकलेली चूक घटत नाही. उलट आकडा अधिक ठाम दिसू लागतो. कोट्यवधी नोंदी आहेत म्हणजे निष्कर्ष बरोबरच, असे मानणाऱ्या आजच्या प्रत्येकाला हा धडा लागू पडतो. काटेकोर शिक्षण दिलेल्या पथकांनी ही चूक टाळता येते, असे महालनोबिस यांच्या बाजूचे म्हणणे होते. सरकारी पीक अंदाजाच्या कामात मात्र मोठा तुकडा आणि गावपातळीवरचा कर्मचारी ही सुखात्मेंची वाटच रूढ झाली.

रोममध्ये त्यांनी काय उभे केले?

१९५१ मध्ये सुखात्मे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत, रोमला गेले. तेथील संख्याशास्त्र विभागाचे ते संचालक झाले आणि १९७० पर्यंत त्या कामात राहिले. इथे प्रश्न आकडे नसण्याचा नव्हता. आकडे होते, पण एकमेकांशी जुळत नव्हते.

एखाद्या साखर कारखान्याचे उदाहरण घेऊ. वजनकाट्यावर उसाची नोंद गाडीनिहाय होते, शेतकी विभागाकडे ती गटनिहाय असते आणि लेखा विभागाकडे सभासदनिहाय. रोजचे काम चालवायला या तीन वह्या पुरेशा असतात. पण कोणत्या गावातला कोणत्या जातीचा ऊस जास्त उतारा देतो, असे विचारले की एकाही वहीत उत्तर सापडत नाही. त्यासाठी तिन्हींतली माहिती उचलावी लागते, एका मापात आणावी लागते आणि वेगळ्या कोठारात मांडून ठेवावी लागते. हे कोठार म्हणजे डेटा वेअरहाऊस. उचलणे, बदलणे आणि भरणे या तीन पायऱ्यांना संगणकाच्या भाषेत ईटीएल म्हणतात.

रोममध्ये हेच काम देशांच्या पातळीवर चालले होते. कुणी मणात मोजत असे, कुणी बुशेलमध्ये, कुणी टनात. कुणाचे वर्ष जानेवारीपासून सुरू होई, कुणाचे पेरणीपासून. कुणी साळीचे वजन कळवत असे, तर कुणी तांदळाचे; आणि साळ भरडली की तिचा साधारण दोनतृतीयांशच तांदूळ होतो. हा फरक न पाहता बेरीज केली, तर एखादा देश कागदावरच श्रीमंत व्हायचा. म्हणून आकड्यासोबत त्याची माहितीही ठेवावी लागते : कोणी, कधी, कोणत्या मापात आणि कोणत्या व्याख्येने मोजला. हा मेटाडेटा.

या सगळ्यातून तयार होणारा तक्ता म्हणजे अन्न ताळेबंद. देशाचे उत्पादन आणि आयात यांच्या बेरजेतून निर्यात, बियाणे, जनावरांचा खुराक आणि नासाडी वजा करायची, साठ्यातली घटवाढ धरायची. उरते ते माणसांच्या वाट्याचे अन्न. त्याला लोकसंख्येने भागून उष्मांकांत बदलले की देशांची तुलना करता येते. या संघटनेच्या आज इंटरनेटवर मोफत मिळणाऱ्या फाओस्टॅट या कोठारातल्या मालिका १९६१ पासून सुरू होतात, म्हणजे सुखात्मे विभागाचे प्रमुख असतानाच्या काळापासून.

सातारा आणि सांगलीचेच आकडे का जुळत नाहीत?

माहितीच्या कोठारातली आणखी एक अडचण सुखात्मेंच्या जन्मजिल्ह्याने दाखवून दिली आहे. ते जन्मले तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके होते. १९४९ मध्ये हे तालुके आणि सांगली, मिरज, जत आदी संस्थानांचा विलीन झालेला मुलूख मिळून दक्षिण सातारा हा नवा जिल्हा झाला. १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले.

आता १९४१ चा सातारा आणि १९६१ चा सातारा शेजारी ठेवले, तर आकड्यांची थेट तुलना फसवी ठरेल. मधल्या काळात सरहद्द बदलली. नाव तेच आणि त्यामागचा भाग वेगळा, हा सापळा ओळखून चांगल्या कोठारात आकडे सर्वात लहान एककाचे, म्हणजे गावाचे किंवा तालुक्याचे ठेवतात. कोणता तालुका कोणत्या तारखेपर्यंत कोणत्या जिल्ह्यात होता, तेही नोंदवतात. बँकेची शाखा दुसऱ्या विभागाला जोडली जाते किंवा एखाद्या मालाचा गट बदलतो, तेव्हा कंपन्यांनाही हेच करावे लागते.

जगात भुकेले किती, हे त्यांनी कसे काढले?

अन्न व कृषी संघटनेचे पहिले महासंचालक जॉन बॉइड ऑर यांनी जगातली दोनतृतीयांश माणसे अर्धपोटी किंवा कुपोषित असल्याचे सांगितले होते. तो आकडा जगभर गाजला. सुखात्मेंनी १९६१ मध्ये लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात वेगळा हिशेब मांडला. जगातले १० ते १५ टक्के लोक पोटभर अन्नापासून वंचित आहेत आणि उपासमार किंवा निकृष्ट आहार यांपैकी काही ना काही सोसणारे निम्म्यापर्यंत असावेत, असा त्यांचा अंदाज होता. भूक आणि निकृष्ट आहार या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या केल्या. याच सोसायटीने त्यांना गाय रौप्यपदक देऊन गौरवले.

त्यांच्या पद्धतीचे मर्म सरासरीच्या पलीकडे पाहण्यात होते. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातल्या माणमध्ये तो जेमतेम पाचशेच्या आसपास असतो. दोन्हींची सरासरी काढली तर ती ना महाबळेश्वरची असते ना माणची. देशाचे दरडोई अन्न पुरेसे दिसले, तरी ते घराघरांत कसे वाटले गेले, हे पाहिल्याखेरीज भुकेल्यांची संख्या कळत नाही. सरासरीभोवती आकडे कसे पसरले आहेत, याचा नमुना त्यांनी मांडला. शाश्वत विकास उद्दिष्टांत भूक मोजण्यासाठी अन्न व कृषी संघटना वापरते ती पद्धत याच विचारातून पुढे आली.

१९६०च्या दशकात गरीब देशांत प्रथिनांची मोठी तूट असल्याची चर्चा होती. प्रथिनांच्या खास भुकट्या आणि योजना पुढे येत होत्या. सुखात्मेंनी घराघरांच्या आहाराच्या नोंदींत उष्मांक आणि प्रथिने हे दोन्ही रकाने एकत्र पाहिले. प्रथिने कमी पडणाऱ्या बहुतेक घरांत मुळात अन्नच कमी होते. डाळ-भाकरीचे नेहमीचे जेवण पोटभर मिळाले, तर प्रथिनांची गरज बहुतांशी त्यातच भागते, असे त्यांचे म्हणणे होते. दोन रकान्यांच्या सरासऱ्या वेगवेगळ्या पाहिल्या असत्या, तर हे दिसलेच नसते.

पुण्यात परतल्यावर वाद का पेटला?

१९७१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. त्याच वर्षी अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरचा अभ्यास गाजला. दांडेकरही साताऱ्यात जन्मलेले. माणशी रोज २२५० उष्मांक मिळतील इतका खर्च ज्याला परवडत नाही तो गरीब, असा निकष त्यांनी लावला. १९६०-६१ च्या आकडेवारीनुसार ग्रामीण भागातले ४० टक्के आणि शहरांतले ५० टक्के लोक या रेषेखाली येत होते.

रोमहून पुण्यात परतलेल्या सुखात्मेंनी या रेषेलाच आव्हान दिले. २२५० ही सरासरी गरज आहे. एखाद्या निरोगी, खात्यापित्या समूहातही कुणाची गरज जास्त असते, कुणाची कमी. प्रत्येकाने गरजेइतकेच खाल्ले तरी साधारण निम्मे लोक सरासरीखाली दिसणारच. मग त्या सगळ्यांना गरीब कसे म्हणायचे? अमेरिकी पोषणतज्ज्ञ शेल्डन मार्गेन यांच्यासोबत त्यांनी पुढे आणखी एक गृहीतक मांडले. एकाच माणसाची गरजही आठवड्या-आठवड्याला बदलते आणि शरीर काही मर्यादेत ती सावरून घेते. म्हणून भुकेची रेषा सरासरीच्या बरीच खाली हवी, असे त्यांचे मत होते. तसे केले की गरिबांची संख्या मोठ्या प्रमाणात कमी होते.

दांडेकरांनी त्याला सविस्तर उत्तर दिले. पोषणतज्ज्ञ सी. गोपालन यांच्यासह अनेकांनी टीका केली. शरीर कमी अन्नावर भागवून घेते, पण त्याची किंमत वाढ, वजन आणि काम करण्याच्या ताकदीतून मोजावी लागते, असे टीकाकारांचे म्हणणे होते. रेषा खाली आणली की सरकारची जबाबदारीही कमी होते, ही भीतीही होती. सुखात्मेंचा भर मात्र नुसत्या धान्यावर नव्हता. पिण्याचे स्वच्छ पाणी आणि स्वच्छता नसेल, तर खाल्लेले अन्न अंगी लागत नाही, हे ते अखेरपर्यंत सांगत राहिले.

हा वाद पूर्ण मिटला नाही. रेषा कुठे ओढायची, हे संगणक ठरवत नाही. ते माणसे ठरवतात आणि त्या निर्णयाचे परिणाम ज्यांचे नाव यादीत येते किंवा सुटते, त्यांना भोगावे लागतात. २८ जानेवारी १९९७ रोजी सुखात्मे यांचे निधन झाले. केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाचा संख्याशास्त्रातील राष्ट्रीय पुरस्कार त्यांच्या नावाने दिला जातो.

आज शेतकऱ्याचा याच्याशी काय संबंध?

खटाव, माण, जत किंवा आटपाडीच्या शेतकऱ्याला पीक विम्याची भरपाई मिळते ती त्याच्या एकट्याच्या शेतावरून ठरत नाही. महसूल मंडळात ठरलेल्या संख्येने पीक कापणी प्रयोग होतात. त्यांचे सरासरी उत्पादन उंबरठा उत्पादनापेक्षा कमी आले, तरच भरपाई बसते. एकेका शेताऐवजी सबंध परिसर एकक धरण्याची ही कल्पना दांडेकरांनी मांडली होती. तिला लागणारे मोजमाप सुखात्मेंच्या पद्धतीतून आले. वादात समोरासमोर उभे राहिलेले हे दोन सातारकर विमा योजनेत असे एकत्र आले आहेत.

त्यामुळे सुखात्मेंनी शोधलेल्या चुका आजही पैशांत मोजता येतात. तुकडा यादृच्छिक न निवडता चांगल्या पिकात आखला किंवा दोरीबाहेरची ताटे आत धरली, तर मंडळाचे उत्पादन फुगते आणि शेकडो शेतकऱ्यांची भरपाई हुकते. उलट दिशेने चूक झाली तर विमा कंपनीचे नुकसान. शिवाय मंडळाच्या सरासरीत एका कोपऱ्यातले करपलेले शिवार दिसत नाही.

आता मोबाइल अ‍ॅप, ठिकाणाची नोंद असलेली छायाचित्रे आणि उपग्रह मदतीला आले आहेत. त्यांनी नोंद लवकर पोहोचते आणि तपासता येते. प्रयोगाच्या दिवशी शेतकऱ्याने पाहायच्या गोष्टी मात्र त्याच आहेत : शेत आणि तुकडा तक्त्यावरून निवडला का, दोरी मापात ताणली का, सीमेवरची ताटे कोणत्या बाजूला गेली आणि वजन त्याच्यासमोर नोंदले गेले का.